डिस्चार्ज कार्डावर उन्हाचं नाव नव्हतं

मागच्या उन्हाळ्यात आत्याला ॲडमिट करावं लागलं. वय अठ्ठ्याहत्तर, राहते एकटी, इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, आणि स्वभाव असा की काही दुखलंखुपलं तरी चार दिवस कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. त्या रात्री फोनवर बोलता बोलता तिने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली, मग तेच वाक्य परत, मग मधेच गप्प. मला वाटलं झोपेत असेल. अर्ध्या तासाने परत लावला तर फोन उचलला पण पलीकडून नुसतं हं, हं. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं आणि मी तशीच निघाले.

दार उघडलं आणि आतून गरम हवेचा भपकाराच आला. रात्रीचे साडेदहा वाजलेले. तिच्या भिंतीवर एक घड्याळ आहे ज्यात खाली बारीक अक्षरात तापमान पण दिसतं, कुणीतरी भेट दिलेलं, आम्ही कुणीच आजवर त्या आकड्याकडे बघितलं नव्हतं. त्यावर ३५. माझ्या मोबाईलवर त्याच क्षणी ३०. म्हणजे बाहेर रात्र झाली होती, हवा उतरली होती, पण दिवसभर तापलेला वरचा स्लॅब आता सावकाश ती सगळी उष्णता खाली सोडत होता, खिडक्या बंद (चोरांची भीती), पंखा फुल स्पीडवर, आणि त्या पंख्याची हवा म्हणजे केस वाळवायच्या मशीनसमोर बसल्यासारखी. आत्या खुर्चीत बसलेली, शेजारी पाण्याची बाटली अर्धी भरलेली.

हॉस्पिटलमध्ये निघालं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठच म्हणा. खूप खाली गेलेलं. बीपीसाठी ती जी गोळी घेते ती शरीरातलं पाणी आणि मीठ लघवीवाटे काढते, वर घामातून मीठ जात होतं, आणि "उन्हाळा आहे, भरपूर पाणी पी" हे आम्हीच रोज फोनवर सांगत होतो म्हणून ती बिचारी साधं पाणी पीत होती. मीठ दोन वाटांनी बाहेर आणि आत फक्त पाणी. चार दिवसांनी घरी सोडलं, आता ठणठणीत आहे. पण मी ते डिस्चार्ज कार्ड वाचत बसले होते. हायपोनेट्रेमिया (म्हणजे तेच, सोडियम कमी), उच्च रक्तदाब, गोळी बदलली, आठ दिवसांनी दाखवायला या. उष्णता हा शब्द कुठेच नाही. डॉक्टरांची काही चूक नाही, त्यांनी उपचार चोख केले, कार्डावर आजाराचं नाव लिहायचं असतं आणि खोलीत रात्री साडेदहाला किती तापमान होतं यासाठी रकाना नसतो.

त्या नसलेल्या रकान्याने माझा पिच्छा काही सोडला नाही. क्लायमेट चेंज म्हटलं की डोळ्यासमोर वितळणारा बर्फ येतो, अस्वल येतं, फार तर २१०० सालचा एखादा ग्राफ. आणि तो प्रत्यक्षात माणसाला कुठे भिडतो तर एका बंद खोलीत, हार्टफेल, किडनीफेल, "अचानक चक्कर येऊन पडल्या" अशा नावांखाली. उष्माघात म्हणून कागदावर नोंद होते ती त्यातल्या मोजक्या लोकांची, बाकीचे वेगवेगळ्या आजारांच्या नावाने जातात. मग हे मोजायचं कसं? तर सोपं आहे खरं म्हणजे. एरवी त्या महिन्यात त्या शहरात किती माणसं जातात हे माहीत असतं, उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत किती गेली ते बघायचं, आणि वजाबाकी करायची.

ही वजाबाकी केली की अंगावर काटा येतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात लाट आली, वजाबाकी आली ७०,००० च्या वर. एकट्या फ्रान्समध्ये साधारण १५,०००. ऑगस्ट महिना, लोक सुट्टीवर गेलेले, आणि म्हातारी माणसं शहरातल्या घरांत मागे राहिलेली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत भागांपैकी एक, दवाखाने उत्तम, तरीही. आणि २०२२ मध्ये परत, ६०,००० च्या वर, तोच खंड. म्हणजे हे फक्त गरीब देशांचं दुखणं आहे हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाकायला हवा.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने. जून २०२१, लिटन नावाच्या गावात पारा ४९.६ अंश, कॅनडात! त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं गेली आणि तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, एकेक मृत्यू तपासून अहवाल काढला. त्यात काय निघालं, तर ९८ टक्के लोक घराच्या छपराखाली गेले. उन्हात नाही, रस्त्यावर नाही. निम्म्याहून जास्त एकटे राहणारे, दोन तृतीयांश सत्तरीच्या पुढचे. हे वाचलं आणि मला आत्याची खुर्ची दिसली. आपण सगळीकडे काय सांगतो, दुपारी उन्हात जाऊ नका. अरे ती कुठे गेली होती उन्हात! ती घरातच होती म्हणून तर.

शरीराचं गणित थोडक्यात सांगते कारण ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आपण आतून ३७ अंशांवर चालणारं इंजिन आहोत, आणि आतली उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. त्यासाठी शरीराकडे दोनच मोठ्या युक्त्या. एक, रक्त कातडीकडे पाठवायचं, म्हणजे हृदयाला जास्त पंप मारावा लागतो, म्हणून लाटेत हृदयरोगी आधी जातात. दुसरी, घाम. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे, वाळताना तो उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि इंजिन तापत राहतं. म्हणून शास्त्रज्ञ थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं ते बघतात. ते फडकं म्हणजे आपलं घामाघूम कातडंच समजा. त्या ओल्या थर्मामीटरवर ३५ अंश ही माणसाची शेवटची हद्द असं बरीच वर्षं मानलं जायचं, त्यापुढे धडधाकट माणूस सावलीत नुसता बसला तरी काही तासांत संपणार. मग अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण निरोगी मुलांना खोलीत बसवून हलकी कामं करायला लावून प्रत्यक्ष मोजलं, तर दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराचा ताबा सुटायला लागतो असं दिसलं. हे तरुणांचं. म्हाताऱ्या शरीरात तहान कमी लागते, घाम कमी येतो, वर बीपीच्या, मनाच्या आजारांच्या, ॲलर्जीच्या कितीतरी गोळ्या याच दोन युक्त्यांमध्ये लुडबुड करतात. तुमच्या घरात कुणी अशा गोळ्यांवर असेल तर उन्हाळा सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना एकदा नक्की विचारा, डोस बदलायचा का म्हणून. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, तो वेगळाच घोळ होईल. आणि पंख्याबद्दल, खोलीची हवा ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा उलट अंग तापवतो, तेव्हा ओलं फडकं अंगावर फिरवायचं. माणूस गरम लागतोय आणि बडबडायला लागलाय, ओळखत नाहीये, तर ती इमर्जन्सी, फोन लावतानाच अंगावर पाणी ओतायला सुरुवात करायची, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. मी त्या रात्री हे काहीही केलं नाही कारण मला माहीतच नव्हतं, मी चादर शोधत होते पांघरायला. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आता यावर घरच्या ग्रुपवर हमखास येणारा मेसेज: उन्हाळा काय आधी नव्हता का. होता ना. पण हवेत कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) होता तो आता ४२० च्या वर गेलाय, आणि २०२४ हे पहिलं अख्खं कॅलेंडर वर्ष जे औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त गरम निघालं. दीड अंश ऐकायला काहीच वाटत नाही, मला पण वाटायचं नाही. पण सरासरी जरा सरकली की टोकाचे दिवस खूप वाढतात, आधी वीस वर्षांतून एकदा येणारा दिवस तीन-चार वर्षांत येतो. आणि रात्री. दिवसाच्या तापमानाच्या बातम्या होतात, पण शरीर सावरतं ते रात्री, आणि बऱ्याच ठिकाणी रात्रीच थंड होईनाशा झाल्यात. एक दिवस कुणीही काढतो हो, सलग पाचव्या रात्री हृदय दमतं.

दुसरा मेसेज जरा जास्त हुशार असतो, की थंडीने त्याहून जास्त माणसं मरतात. हे खरं आहे, आजच्या आकड्यांत तसंच आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. फक्त एवढंच की थंडी कमी झाल्याचा फायदा ज्यांना मिळणार आणि उष्णतेची झळ ज्यांना बसणार ती माणसं वेगळी आहेत. फायदा बहुतांशी थंड आणि श्रीमंत देशांत, झळ आधीच गरम असलेल्या देशांत, जिथे एसी नाही आणि रोजचं काम उघड्यावर. एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकून सरासरी काढली तर सगळे जेवले असंच दिसणार.

उघड्यावरच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये ऊस तोडणारी माणसं, तिशी-चाळिशीतली, डायबेटिस नाही बीपी नाही, आणि किडन्या निकामी. कित्येक वर्षं डॉक्टर चक्रावलेले. नेमकं कारण अजूनही पूर्ण उलगडलेलं नाही पण रोजच्या रोज रणरणत्या उन्हात अंगमेहनत आणि शरीरातलं पाणी आटणं याचा त्यात मोठा हात आहे हे आता बहुतेक सगळे मान्य करतात. उपाय काय केला, तर पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती. जिथे हे नीट पाळलं गेलं तिथे किडनीला होणारी इजा कमी झाली. यात कुठलं औषध नाही, मशीन नाही. अडचण एकच, तोडणी जर टनावर पैसे देऊन चालत असेल तर सावलीत बसणारा माणूस स्वतःचीच मजुरी बुडवतो. जगातले दर दहापैकी सात कामगार वर्षात कधी ना कधी धोक्याच्या उष्णतेत काम करतात असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे. या सगळ्यांना "भरपूर पाणी प्या" असं पोस्टर देऊन आपण मोकळे होतो.

बरं, उष्णता हा एकच दरवाजा झाला. डास हा दुसरा, आणि तो जास्त बेरकी. डेंग्यूचा डास, एडिस, त्याला तळं-डबकं लागत नाही, बाटलीच्या झाकणाएवढं पाणी पुरतं. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने तशीच तग धरतात, पाणी आलं की फुटतात. हवा गरम झाली की डास लवकर मोठा होतो, आणि त्याच्या पोटात व्हायरस लवकर तयार होतो, म्हणजे डास मरायच्या आधी चावून व्हायरस पुढे द्यायला त्याला जास्त दिवस मिळतात. साधारण २९ अंश हे त्याचं सगळ्यात आवडतं तापमान. आणि गंमत बघा, दुष्काळ पडला तरी डेंग्यू वाढू शकतो, कारण पाणी रोज येत नसलं की लोक घरात भरून ठेवतात, पिंप उघडी राहतात. पाऊस जास्त झाला तरी डास, कमी झाला तरी डास. नेपाळमध्ये डेंग्यूची पहिली केस सापडली २००४ मध्ये, आणि २०२२ च्या एका वर्षात ५०,००० च्या वर केसेस, त्यात काठमांडूसारख्या उंचावरच्या गावात जिथे लोकांना डास म्हणजे पायथ्याची गोष्ट वाटायची. २०२४ मध्ये जगभरात १ कोटी ४० लाखांच्या वर डेंग्यूच्या केसेस नोंदवल्या गेल्या, तोवरचा उच्चांक. यात सगळा दोष हवामानाचा नाही हेही सांगते, शहरं अस्ताव्यस्त वाढली, विमानं वाढली, माणसांबरोबर आजार फिरायला लागला. पण हवामानाने त्याला नवीन मजले उघडून दिले.

पुराचं पण तसंच. पूर आला की आपण बुडालेले मोजतो, पाणी ओसरलं की कॅमेरे परत जातात, आणि खरा आजार तेव्हा सुरू होतो. पाकिस्तानात २०२२ मध्ये जो महापूर आला त्यात १,७०० च्या वर माणसं गेली, ती बातमी सगळ्यांनी पाहिली. पण तिथे मलेरियाच्या केसेस २०२१ मध्ये अंदाजे ५ लाख होत्या त्या २०२२ मध्ये २६ लाखांवर गेल्या, ही बातमी किती जणांनी पाहिली? साचलेलं पाणी, तंबूत राहणारे लोक, वाहून गेलेले दवाखाने. मृत्यूचा दाखला मलेरियाचा. पुराचं नाव परत गायब.

आणि काही गोष्टी तर अशा की कुणी सांगितल्या तर थाप वाटावी. मेलबर्न, २१ नोव्हेंबर २०१६, संध्याकाळी वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक धापा टाकत दवाखान्यांत. दहा माणसं गेली. गवताचे परागकण वादळाच्या ओल्या हवेत फुटून त्यांचा अगदी बारीक भुगा झाला होता, तो थेट फुप्फुसात. कित्येकांना आधी दम्याचं निदानही नव्हतं. हे एक वादळ हवामान बदलामुळेच आलं असं मी म्हणत नाहीये, पण गरम हवेत परागांचा हंगाम लांबतो आणि कण वाढतात, म्हणजे दारूगोळा जास्त साठतो. तसंच अन्नाचं, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू-तांदळात जस्त आणि प्रोटीन कमी होतं हे प्रयोगांत दिसलंय. पोट भरलेलं आणि शरीर उपाशी, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता. गरोदर बायकांचं, कमी दिवसांच्या बाळांचं, मनाच्या आजारांचं लिहीत बसले तर ही पोस्ट संपणारच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक जुना अंदाज सगळे देतात, की २०३० ते २०५० या काळात कुपोषण, मलेरिया, जुलाब आणि उष्णता एवढ्या चारच गोष्टींनी दर वर्षी अडीच लाख जादा मृत्यू. मला हा आकडा मुद्दाम कमी धरलेला वाटतो, कारण वरचं अर्धं त्यात नाहीच.

पण मी ही पोस्ट घाबरवायला लिहीत नाहीये. घाबरलेला माणूस दोन दिवस स्टेटस ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो, मी स्वतः तशीच आहे. मला जे सापडलं ते उलट आहे, की जिथे जिथे कुणी ती वजाबाकी केली, आकडा टेबलावर ठेवला, तिथे काम झालंय. आणि तेही फार महागडं काम नाही.

अहमदाबादमध्ये मे २०१० ला ४६.८ अंशांची लाट आली. नंतर महिन्याची वजाबाकी केली तर १,३४४ जादा मृत्यू निघाले. आकडा कळला आणि २०१३ मध्ये महापालिकेने हीट ॲक्शन प्लॅन आणला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात होतं काय, आदल्या दिवशीच रंगाचा इशारा, लोकांना मेसेज, दवाखान्यातल्या स्टाफला ट्रेनिंग, पिण्याच्या पाण्याची सोय, पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा चुना. नंतरच्या अभ्यासात वर्षाला हजारावर मृत्यू टळल्याचा अंदाज आला. चुना! फ्रान्सने २००३ नंतर २००४ मध्ये योजना केली, त्यात एक गोष्ट मला फार आवडली, नगरपालिका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी ठेवते आणि लाटेच्या दिवसांत त्यांना फोन करते. बस, फोन. २००६ ला परत मोठी लाट आली तेव्हा आधीच्या अनुभवावरून जेवढे मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा ४,००० हून कमी झाले.

आणि बांगलादेश. १९७० च्या चक्रीवादळात कमीत कमी तीन लाख माणसं गेली. १९९१ ला सुमारे १ लाख ३८ हजार. २००७ ला सिद्र नावाचं चक्रीवादळ आलं, तेही भयंकर जोरदार, मृत्यू चार हजारांच्या आत. मधल्या काळात समुद्र काही शांत झाला नव्हता. मधे आले १९७२ पासून तयार केलेले स्वयंसेवक, सायकलवरून भोंगे घेऊन फिरणारे, वर चढवलेले झेंडे, उंच खांबांवर बांधलेले निवारे, आणि लोकांचा विश्वास की हा माणूस सांगतोय म्हणजे निघायचं. गरीब देश, पण तहान लागल्यावर विहीर खणायची नाही हे ठरवलं. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात डासांमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू घालून सोडले, त्याने डासात डेंग्यूचा व्हायरस वाढत नाही, तर डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे उपाय आहेत, आपण काही अगदीच हातपाय गाळून बसावं अशी परिस्थिती नाही.

अर्थात हे सगळं म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या लावणं. छप्पर दुरुस्त करायचं म्हणजे कोळसा, तेल, गॅस जाळणं कमी करायचं, आणि तिथे गाडी अडते. दरवर्षी मोठी जागतिक हवामान परिषद भरते, पहिली १९९५ ला बर्लिनमध्ये झाली. तिच्या कार्यक्रमात आरोग्याला स्वतःचा एक अख्खा दिवस पहिल्यांदा कधी मिळाला, तर २०२३ मध्ये दुबईत. अठ्ठाविसाव्या बैठकीत! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

खरं तर आरोग्य हाच मुद्दा आधी मांडला असता तर लोकांना लवकर पटलं असतं असं मला वाटतं. कारण ज्या चिमणीतून कार्बन डायऑक्साइड निघतो त्याच चिमणीतून बारीक धूळ निघते, तीच गाड्यांच्या एक्झॉस्टमधून, तीच चुलीतून. घरातलं आणि बाहेरचं हवेचं प्रदूषण मिळून वर्षाला साधारण ७० लाख माणसं दगावतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कार्बन डायऑक्साइड एकदा वर गेला की शेकडो वर्षं हलत नाही, त्यामुळे आज जाळणं कमी केलं तर तापमानाचा फायदा आपल्या नातवंडांना. पण धूर थांबला की हवा काही दिवसांत स्वच्छ होते आणि फायदा याच गल्लीतल्या, याच हिवाळ्यात खोकणाऱ्या पोरांना. राजकारण्यांना पाच वर्षांत दिसणारं काहीतरी हवं असतं ना, हे घ्या की.

आणि दवाखान्यांनीही स्वतःकडे बघायला हवं. जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्य क्षेत्राचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. भूल द्यायला डेस्फ्लुरेन नावाचा एक वायू वापरतात, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापवतो, आणि त्याच्या जागी दुसरे चालणारे पर्याय आधीपासून आहेत. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो वापरणं बंद केलं. पेशंटला काही फरक पडला नाही. असं सोपं फळ झाडावर लटकत असताना आपण वर शेंड्याकडे बघत बसतो.

मला काय हवंय ते विचाराल तर फार नाही. लाटेच्या महिन्यानंतर ती वजाबाकी दर शहराने जाहीर करावी, पावसाचे आकडे करतात तशी. दवाखान्याच्या कागदावर एक रकाना, पेशंट कुठे सापडला, खोली किती गरम होती. कामाच्या वेळा बदलल्या तर मजुरी कापायची नाही हे कायद्यात. आणि एकट्या राहणाऱ्यांची यादी, फोनसकट.

ती यादी कुणी करेपर्यंत आमच्या घरात आमची झालीय. इमारतीच्या मीटिंगमध्ये गच्चीला पांढरा रंग मारायचा विषय मी काढला तर पहिल्यांदा सगळे हसले, मग तळमजल्यावाल्यांनी विचारलं आमचा काय फायदा, मग तीन महिने नुसता वाद, शेवटी वरच्या मजल्यावरच्या चौघांनी मिळून मारला. आत्याच्या घड्याळावर रात्री दोन अंशांचा फरक दिसतोय, कधी तीन. ती आता रोज रात्री तो आकडा कॅलेंडरवर लिहिते, तिला त्यात भलताच रस वाटायला लागलाय, शेजारणीकडे जाऊन तिच्या खोलीचा पण बघून येते. साडेदहाला मी फोन करते, ती हॅलो म्हणत नाही, थेट आकडा सांगते.

काल म्हणाली, "तेहेतीस."

मी म्हटलं, "खिडकी उघडी आहे ना? आणि आत्या, नवीन गोळी घेतलीस का, लघवी होतेय ना नीट?"

"अगं जेवतेय मी," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.